पन्नास हजार प्रतींचा उंबरठा

इंदापूर तालुक्यातील वरकुटे आणि त्याच्या आसपासच्या गावांत गाणे म्हणण्यासाठी कोणी कधी परवाना मागितला नाही. एकादशीच्या भजनात, जत्रेच्या रात्री, हळदीच्या मांडवात जे गाणे ओठांवर आले ते गायले गेले. ते लिहिले कोणी आणि चाल कोणाची, हा प्रश्न रसिकांचा होता, वकिलांचा नव्हता. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून निमगाव केतकी, इंदापूर करीत सराटीकडे निघते, तेव्हा या वाटेवर शेकडो दिंड्यांच्या तोंडी असलेल्या अभंगांचा हिशेब ठेवावा, असे कोणाच्याही मनात येत नाही.

परंतु गेल्या काही वर्षांत परिस्थिती बदलली आहे. खिशातल्या मोबाइलने प्रत्येक गायकाला ध्वनिमुद्रक आणि प्रकाशक केले आहे. गावातला होतकरू तरुण एखादे लोकप्रिय गीत आपल्या आवाजात मुद्रित करतो आणि घरबसल्या ते जगापुढे ठेवतो. दुसऱ्याने पूर्वी गायिलेले गीत असे नव्याने गाऊन प्रसिद्ध करणे, यालाच व्यवहारात ‘कव्हर’ म्हणतात. गाणे हवेत विरून जात होते तोवर कायद्याला त्याच्याशी फारसे कर्तव्य नव्हते. ते मुद्रित होऊन बाजारात आले की कायदा दारात येऊन उभा राहतो. हा कायदा नेमके काय मागतो आणि त्याची मागणी वरकुट्यातील गायकाला पेलणारी आहे काय, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

एका गाण्याचे तीन धनी

सामान्य श्रोत्याच्या दृष्टीने गाणे ही एक वस्तू असते. कायद्याच्या दृष्टीने त्या तीन वस्तू आहेत. शब्द हे कवीचे साहित्य, चाल ही संगीतकाराची रचना, आणि या दोहोंचे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण ही तिसरी, स्वतंत्र मालमत्ता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीपासून साठ वर्षे टिकतो. १९९२ पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क संपत आला, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढविण्यात आली.

याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाली. ग. दि. माडगूळकर १४ डिसेंबर १९७७ रोजी निवर्तले, सुधीर फडके २९ जुलै २००२ रोजी. म्हणजे त्या गीतांचे शब्द २०३७ च्या अखेरीस मुक्त होतील. चालींसाठी मात्र २०६२ पर्यंत थांबावे लागेल. तुकोबांचे अभंग तर सतराव्या शतकातले. त्यांवर कोणाचाही हक्क नाही. पण श्रीनिवास खळे यांनी त्यांतील काही अभंगांना दिलेल्या आणि लता मंगेशकर यांच्या कंठातून घरोघर पोहोचलेल्या चाली खळे यांच्या आहेत. ते २०११ मध्ये गेले. त्या चालींवरील हक्क २०७१ पर्यंत जिवंत राहील. तेव्हा ‘अभंग तर सर्वांचेच’ हे म्हणणे अर्धे खरे आहे. शब्द सर्वांचे, चाल एकाची. परंपरागत चालीत गाणाऱ्या भजनी मंडळाला काही अडचण नाही. तोच अभंग प्रसिद्ध चालीत मुद्रित करून प्रसृत करणाऱ्याला आहे.

कव्हर गाणारा मूळ ध्वनिमुद्रणाला हात लावीत नाही. तो नवे मुद्रण करतो. म्हणून त्याला तिसऱ्या धन्याचे देणे लागत नाही. पहिल्या दोघांचे मात्र लागते. मूळ गीताचा वाद्यमेळ जसाच्या तसा उचलून त्यावर आपला आवाज चढविला, तर हा भेदही संपतो आणि तिन्ही धन्यांची परवानगी आवश्यक ठरते. संगणकावर सहज मिळणाऱ्या तयार वाद्यमेळावर गाणाऱ्या हौशी गायकांनी एवढी गोष्ट तरी ध्यानात ठेवावी.

नकार न देता येणारा परवाना

एरवी मालमत्तेच्या मालकाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असतो. ध्वनिमुद्रित संगीताच्या बाबतीत मात्र अनेक देशांनी या अधिकाराला मुरड घातली. अमेरिकेत १९०९ साली, यांत्रिक पियानोच्या गुंडाळ्यांचा धंदा भरात असताना, एकच मोठी कंपनी सर्व गीतांचे हक्क मुठीत धरील अशी भीती निर्माण झाली. त्यावर तेथील विधिमंडळाने तोड काढली ती अशी : एकदा मालकाच्या संमतीने गीत मुद्रित झाले की ठरलेली रक्कम भरून ते कोणीही पुन्हा मुद्रित करावे, मालकाने नकार देऊ नये. ब्रिटनच्या १९११ च्या कायद्यात हेच तत्त्व आले आणि त्यावर बेतलेल्या १९१४ च्या कायद्याने ते भारतात आणले. स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या कायद्यातही ५२ व्या कलमात त्याला जागा मिळाली. ब्रिटनने स्वतः १९८८ च्या कायद्यात हा परवाना मोडीत काढला. भारताने तो ठेवला.

या तत्त्वाचा सर्वांत मोठा लाभ भारतात ध्वनिफितींच्या काळात घेतला गेला. १९८० नंतरच्या दशकात गुलशन कुमार यांच्या ‘टी-सीरिज’ने जुनी चित्रपटगीते नव्या गळ्यांतून गाऊन घेतली आणि स्वस्त ध्वनिफितींच्या रूपाने खेड्यापाड्यांत पोहोचविली. एका जुन्या कंपनीची बाजारावरील पकड त्यामुळे ढिली झाली. सोनू निगम यांच्यासारख्या गायकांची पहिली ओळख रफींच्या गीतांच्या अशाच पुनर्गायनातून झाली. गिऱ्हाइकाला स्वस्त गाणे मिळाले, नव्या गायकाला काम मिळाले. त्याचबरोबर वेष्टनावर मूळ गायकाचे किंवा चित्रपटाचे नाव ठळक छापून फसवणूक करण्याचे आणि किती प्रती काढल्या याचा थांग लागू न देण्याचे प्रकारही बोकाळले. कवी आणि संगीतकार यांच्या हाती पडावयाचे स्वामित्वधन बहुधा कागदावरच राहिले.

१९९४ च्या दुरुस्तीने प्रथम दोन वर्षे थांबण्याची अट घातली. २०१२ च्या दुरुस्तीने जुनी तरतूद काढून टाकून ‘३१-सी’ हे नवे कलम आणले, आणि आज कव्हर गीतांचा कायदा म्हणजे हे कलम होय. त्याच्या अटी अशा : मूळ गीत प्रथम ज्या वर्षी मुद्रित झाले, ते वर्ष संपल्यावर पाच पूर्ण वर्षे थांबले पाहिजे. मालकाला आगाऊ सूचना दिली पाहिजे. वेष्टनाचा नमुना आधी दाखविला पाहिजे, आणि हे कव्हर आहे असे त्यावर छापले पाहिजे. मूळ गायकाचे वा चित्रपटाचे नाव किंवा चित्र वापरता येणार नाही. शब्दांत किंवा चालीत बदल करता येणार नाही. मुद्रणाचे माध्यम शेवटच्या मुद्रणाचेच असले पाहिजे; ते व्यवहारातून गेले असेल तरच दुसरे चालेल. हिशेबाच्या वह्या ठेवल्या पाहिजेत. आणि स्वामित्वधन आगाऊ भरले पाहिजे. तेही प्रत्येक गीताच्या, प्रत्येक वर्षी, किमान पन्नास हजार प्रतींचे.

वरकुट्याच्या जवळचे उदाहरण घेऊ. उजनीच्या पलीकडे करमाळा तालुक्यात चित्रित झालेला ‘सैराट’ २०१६ च्या एप्रिलमध्ये पडद्यावर आला. पाच वर्षांची अट लावली तर त्याची गीते या कलमाखाली गाण्यासाठी १ जानेवारी २०२२ उजाडावा लागला. दरम्यान २०१८ मध्ये हिंदी ‘धडक’मध्ये ‘झिंगाट’ची चाल हिंदी शब्दांसह आली. हा बदल ३१-सी मध्ये बसत नाही; तो मालकाशी करार करूनच होऊ शकतो. मोठ्या निर्मात्याला करार करणे अवघड नसते. ज्याला करार परवडत नाही त्याच्यासाठी कायद्याचा परवाना असतो, निदान असावा अशी अपेक्षा असते.

पन्नास हजारांचे गणित

या अटींपैकी बहुतेक समर्थनीय आहेत. वेष्टनावरील फसवणूक थांबली पाहिजे, याबद्दल दुमत नसावे. चालीची मोडतोड होऊ नये, ही रचनाकाराची इच्छाही रास्त आहे. पाच वर्षांचा काळ दीर्घ आहे, पण नव्या गीतात पैसा गुंतविणाऱ्याला तो वसूल करण्यास अवधी हवा, हेही मान्य करता येईल. खरी मेख किमान प्रतींच्या अटीत आहे.

केवळ उदाहरणासाठी समजा, एका प्रतीमागे स्वामित्वधनाचा दर पन्नास पैसे आहे. पन्नास हजार प्रतींचे पंचवीस हजार रुपये झाले. ज्या कंपनीच्या पाच लाख प्रती खपतात, ती प्रत्येक प्रतीमागे पन्नास पैसेच भरते. ज्या गायकाच्या हजार प्रती खपतात, त्यालाही पंचवीस हजारच भरावे लागतात. म्हणजे प्रतीमागे पंचवीस रुपये, मोठ्या कंपनीच्या पन्नासपट. त्याने आठ गीते केली तर दोन लाख रुपये एकही प्रत खपण्यापूर्वी मोजावे लागतील, आणि पुढच्या वर्षी प्रती काढावयाच्या झाल्या तर पुन्हा तेवढेच. अर्थशास्त्रात याला स्थिर खर्च म्हणतात. स्थिर खर्च जितका मोठा, तितका लहान उत्पादक बाजाराबाहेर. जो परवाना मक्तेदारी मोडण्यासाठी जन्माला आला, तोच या अटीमुळे मोठ्यांच्या हातचे साधन झाला आहे.

कायदा करणाऱ्यांना याची जाणीव अगदीच नव्हती असे नाही. याच कलमात एक परंतुक आहे : विशिष्ट भाषेतील किंवा बोलीतील कृतींसाठी, त्यांच्या संभाव्य खपाचा विचार करून, ही किमान संख्या सर्वसाधारण आदेशाने कमी ठरविता येईल. महाराष्ट्राच्या दृष्टीने या संपूर्ण कलमातील सर्वांत मोलाचे वाक्य हेच होय. २०११ च्या जनगणनेत हिंदी ही मातृभाषा सांगणारे सुमारे ५२ कोटी ८३ लाख होते, मराठी सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख, कोकणी सांगणारे साडेबावीस लाख. केवळ हे प्रमाण धरले आणि हिंदीसाठी पन्नास हजार योग्य मानले, तरी मराठीचा आकडा आठ हजारांच्या आत येतो आणि कोकणीचा सव्वादोनशेच्या आत. अहिराणी, मालवणी या बोलींचा तर वेगळाच विचार करावा लागेल. लोकसंख्या हा खपाचा एकमेव निकष नव्हे. पण सर्व भाषांना एकच माप लावणे किती अवास्तव आहे, हे दाखविण्यास एवढे पुरे.

हा आदेश काढावयाचा कोणी? मूळ कायद्यात हे काम कॉपीराइट मंडळाचे होते. २०१७ मध्ये ते मंडळ बौद्धिक संपदा अपील मंडळात विलीन झाले, आणि २०२१ मध्ये ते अपील मंडळही बरखास्त होऊन त्याचे अधिकार न्यायालयांकडे गेले. न्यायालय समोर आलेल्या तंट्याचा निकाल देते. एखाद्या भाषेच्या बाजारपेठेची पाहणी करून आपण होऊन सर्वसाधारण आदेश काढणे ही त्याची प्रकृती नव्हे. खाजगी एफएम नभोवाणी केंद्रांसाठी स्वामित्वधनाचे दर ३१ डिसेंबर २०२० रोजी अपील मंडळाने ठरविले, कारण दोन्ही बाजूंना तज्ज्ञ वकील देऊन लढणाऱ्या कंपन्या होत्या. एका अभंगासाठी न्यायालयाची पायरी चढणारा गायक कोठून आणावयाचा?

मोजणीची अडचण आता उरली नाही

किमान प्रतींची अट का घातली गेली, हे समजून घेतले तर तिचे आयुष्य संपल्याचेही ध्यानात येईल. ध्वनिफितींच्या काळात किती प्रती निघाल्या हे फक्त काढणाऱ्यालाच ठाऊक असे. रचनाकाराला मोजता येत नव्हते, म्हणून कायद्याने त्याला एक ठोक रक्कम बांधून दिली. किमान संख्या ही मोजणीच्या अभावावरची तोड होती. आज गाणे ऐकले जाते ते मुख्यतः इंटरनेटवरून, आणि तेथे प्रत्येक वेळचे ऐकणे आपोआप नोंदले जाते. ज्या व्यवहारात शेवटचा आकडासुद्धा कळतो, तेथे अंदाजाने पन्नास हजार धरण्याचे कारण काय?

उलट, ‘प्रती’ आणि ‘वेष्टन’ या शब्दांत विचार करणारा कायदा इंटरनेटपुढे गोंधळतो. नभोवाणीसाठी असलेला वैधानिक परवाना इंटरनेटवरून गाणी ऐकविणाऱ्या सेवेला लागू होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘टिप्स’ विरुद्ध ‘विंक’ या खटल्यात दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम केला. तो प्रश्न वेगळ्या कलमाचा होता. परंतु कायद्याच्या शब्दांत नसलेले माध्यम न्यायालय आपण होऊन त्यात घालीत नाही, हा धडा येथेही लागू आहे. शिवाय ३१-सी चा परवाना केवळ ध्वनीपुरता आहे. गायकाचे चित्रीकरण जोडून गीत प्रसृत करण्याला त्याचे संरक्षण नाही.

कायद्याने दार असे अरुंद ठेवल्यामुळे व्यवहार थांबलेला नाही. तो खाजगी नियमांकडे गेला आहे. यूट्यूबसारख्या मंचावर संगणक गीत ओळखतो आणि हक्कदार म्हणून नोंदलेली कंपनी तीनपैकी एक गोष्ट करते : गाणे बंद करते, त्यावरील जाहिरातींचे उत्पन्न स्वतःकडे वळविते, किंवा नुसतेच लक्ष ठेवते. पुष्कळदा ती दुसरा मार्ग पत्करते, आणि गायकाला वाटते की आपल्याला परवानगी मिळाली. ती परवानगी नव्हे. मालकाची मर्जी आहे. मर्जी आज असते, उद्या नसते. कायद्याचा परवाना हा हक्क असतो. हक्काच्या जागी मर्जी आली की लहान माणसाचे स्थान कुळासारखे होते : जमीन कसावी त्याने, राहू द्यावे की नाही हे ठरवावे दुसऱ्याने.

रचनाकाराची बाजू

या युक्तिवादाचा अर्थ गीते फुकट मिळावीत असा मुळीच नाही. शब्द आणि चाल ही कष्टाची निर्मिती आहे, आणि मराठी कवी-संगीतकारांच्या पदरी त्या कष्टांचे मोल क्वचितच पडले आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांच्या बाबतीत निर्मात्याची मालकी मान्य केली आणि गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनावरील दावा दुबळा झाला. ती चूक सुधारण्यास पस्तीस वर्षे लागली. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या उत्पन्नात कवी व संगीतकार यांचा समान वाटा अबाधित ठेवला. तो त्यांनी करारात सोडून दिला तरी कायदा तो सुटला असे मानीत नाही. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत मांडलेली बाजू या सुधारणेमागे होती.

सरकारने ठरविलेला दर रचनाकारावर अन्यायही करू शकतो, याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. १९०९ साली ठरलेला दोन सेंटांचा दर १९७८ पर्यंत बदललाच नाही. या काळात सर्व वस्तूंच्या किमती वाढल्या, गाण्याची तेवढी वाढली नाही. पुढे तेथे दर नियमितपणे वाढविण्याची पद्धत आली; २०२४ मध्ये तो दर गीतामागे १२.४ सेंट होता, आणि तो प्रत्यक्ष काढलेल्या प्रतींवर आकारला जातो, कल्पित किमान संख्येवर नव्हे. तात्पर्य हे की, दर योग्य व वाढता असावा, पण तो खऱ्या वापरावर असावा. हजार वेळा ऐकल्या गेलेल्या गीताचे हजार वेळांचे पैसे कवीला मिळणे हे पन्नास हजारांच्या धाकाने गीत मुद्रितच न होण्यापेक्षा, किंवा चोरून मुद्रित होण्यापेक्षा, त्याच्या हिताचे आहे. न निघालेल्या परवान्यातून कोणाच्याही घरी चूल पेटत नाही.

शाळा, मंडळ आणि मांडव

परवान्याच्या या चर्चेने शिक्षक किंवा मंडळांचे कार्यकर्ते यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्यापुरत्या श्रोत्यांसमोर शाळेच्या कार्यक्रमात गीत गाण्यास कायद्याने मुभा दिली आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या गायनालाही ती आहे. धार्मिक विधी आणि लग्नाची वरात व त्याला जोडलेले समारंभ यांनाही सवलत आहे. केंद्र सरकारने २४ जुलै २०२३ च्या सूचनेने तिची आठवण करून दिली. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये याच विषयावर काढलेले परिपत्रक मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले. कायद्यातील सवलत त्यामुळे गेली नाही. पण तिची मर्यादा परिपत्रकाने वाढत नाही, एवढे स्पष्ट झाले.

या सवलती गाण्याला आहेत, मुद्रण करून प्रसृत करण्याला नाहीत, हे मात्र विसरू नये. स्नेहसंमेलनातील गीत सभागृहात निर्वेध असते. त्याचे चित्रीकरण इंटरनेटवर टाकताच ते दुसऱ्या कलमाच्या हद्दीत जाते.

तीन गोष्टी

सुधारणेसाठी फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. पहिली गोष्ट म्हणजे परंतुकातील अधिकार मराठी, कोकणी आणि त्यांच्या बोलींसाठी वापरला जावा, आणि तो वापरण्याचे काम न्यायालयाऐवजी दर ठरविणाऱ्या एखाद्या स्थायी यंत्रणेकडे सोपविले जावे. दुसरी, इंटरनेटवरील प्रसाराला किमान प्रतींची अट काढून प्रत्यक्ष ऐकण्यावर दर आकारण्याची सोय कायद्यात व्हावी. तिसरी, कोणत्या गीताचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, पैसे कोठे भरावयाचे, याची सार्वजनिक नोंदवही मराठीतून उपलब्ध व्हावी. रचनाकारांच्या वतीने स्वामित्वधन गोळा करणारी ‘आयपीआरएस’ ही संस्था १९६९ पासून आहे. पण तिच्याकडे जाणारा रस्ता तालुक्याच्या गावाला दिसला पाहिजे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद सर्वांनाच झाला. पण भाषा जगते ती दर्जावर नव्हे, वापरावर. आणि गाण्याइतका भाषेचा सर्वदूर वापर दुसऱ्या कशात होत नाही. माडगूळकरांचे गीत पुढच्या पिढीच्या कंठात उतरावयाचे असेल, तर ते गाणाऱ्याला चोर ठरविणारा किंवा मालकाच्या मर्जीवर सोडणारा कायदा उपयोगी नाही. राज्य सरकारने आणि महाराष्ट्राच्या खासदारांनी या एका परंतुकाचा पाठपुरावा केला, तर कवीचा वाटा बुडणार नाही आणि गायकाचा गळाही दबणार नाही. पन्नास हजारांचा हा उंबरठा वरकुट्याच्या घराला फार उंच आहे; तो घराच्या मापाचा करून घेणे आपल्या हाती आहे.